तुझ्या मामाचं नाव

तू झोपलास की माझ्या हातांना थोडी सवड मिळते. कसाव्याचे कंद किसून झालेत, कीस पिळायला टांगलाय, तवा अजून तापायचाय. तेवढ्यात तुला तुझ्या मामाचं सांगून घेते. तू ऐकत नाहीस तेच बरं. जागा असतास तर तुझ्याकडे बघत मला हे बोलवलं नसतं.

तुझा मामा याबुरे माझ्या पाठचा. वयानं लहान, पण रुबाब असा की जणू त्यानंच मला कडेवर वाढवलंय. आपल्यात बाळ आधी मामाचं, मग बापाचं. नाव मामानं ठेवायचं, मासा धरायला मामानं शिकवायचं, आणि मामाच्या मागे त्याचं सगळं भाच्याचं. तू जन्मलास तेव्हा त्यानं तुला उलटासुलटा करून पाहिलं आणि म्हणाला, "हे तर भाजलेलं रताळं आहे. याला नाव शोधायला वेळ लागणार."

आपण बाळाला नाव देतो ते गेलेल्या माणसाचं. जित्याचं कधीच नाही. म्हणून तो घरातली गेलेली माणसं आठवत हिंडायचा आणि रोज एकाला नापास करायचा. एक आजोबा फार घोरायचे म्हणे, दुसऱ्यांना पोहता येत नव्हतं.

त्याच दिवसांत ते मोठं जहाज आपल्या खाडीत येऊन थांबलं. अंगभर कपडे घातलेली, दाढीवाली माणसं पाणी भरायला किनाऱ्यावर यायची. त्यातला लोपे नावाचा एक जण आपल्या अंगणात आला, फळ समजून त्यानं अख्खी मिरची चावली आणि ढसाढसा रडला. याबुरे हसून हसून जमिनीवर लोळला. तो लोळतोय हे बघून लोपेही रडता रडता हसायला लागला. तिथून दोघांचं जमलं. एकमेकांची भाषा येत नसताना ते दिवसभर काय बोलायचे, त्यांनाच ठाऊक.

मग माझ्या आईनं दोघांना चटईवर समोरासमोर बसवलं, एकाच भाकरीचे दोन तुकडे त्यांच्या हातात दिले आणि रीतसर त्यांच्या नावांची अदलाबदल केली. तो दाढीवाला झाला याबुरे, तुझा मामा झाला लोपे. नाव बदललं की माणूस बदलला. त्याची भूक ती आपली भूक, त्याचं काम ते आपलं काम. त्याला काटा बोचला तर दुखणार आपल्याला. दाढीवाल्याला यातलं किती कळलं कोण जाणे. पण "याबुरे" अशी हाक मारली की ओ द्यायचा, एवढं तो शिकला. मी भावाला चिडवायचे, "काय लोपे, दाढी कधी उगवणार?" तो गालावरून हात फिरवून म्हणायचा, "आत वाढतेय."

पुढं दाढीवाल्याला ताप भरला. आईनं त्याला याबुरेच्याच टांगत्या झोळीत निजवलं. एका सकाळी याबुरे मासे घेऊन आला आणि ते खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "नाव सापडलं." मी खूप मागे लागले. "संध्याकाळी आईसमोर सांगेन," म्हणाला. "तोवर गप्प बसून बघ. जमतंय का तुला?"

इतक्यात किनाऱ्यावरून हाका आल्या. छोटी होडी घेऊन जहाजावरची माणसं आली होती. लोपे, लोपे, असं ओरडत होती. झोळीतल्या माणसाला शुद्ध नव्हती. याबुरेनं हात धुतले आणि निघाला. मी म्हटलं, तुला नाही, त्याला बोलावतायत.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू बाळंतपणात माझी अक्कल गेलीय. "अगं, मग लोपे कोण? त्याला ताप आहे, म्हणजे आज त्याच्या वाटचं काम माझं." आईला तर यात बोलण्यासारखंही काही वाटलं नाही. तिनं त्याच्या हातात भाकरी दिली.

तुला छातीशी धरून मी किनाऱ्यापर्यंत गेले. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, लोपे. ती माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग एक जण हसला आणि त्यानं होडीत जागा करून दिली. होडीतून तुझ्याकडे बघत मामानं गाल फुगवले. तो दोरीच्या शिडीवरून जहाजावर चढला, तेही मी बघितलं. मग दोघांनी त्याचे हात मागे ओढले आणि दोरानं बांधले.

मला वाटलं, खेळ आहे काहीतरी. मी हसले रे.

मग शिडं उघडली. जहाजाच्या काठाशी आणखी माणसं दिसली, पलीकडच्या गावातली, सगळ्यांचे हात मागे बांधलेले. याबुरे काठाकडे धावला. त्याला मागे खेचलं. मला ओरडता येईना. माझ्या अंगातून दूध वाहत होतं आणि तू तर रडतही नव्हतास. मी कमरेइतक्या पाण्यात कधी गेले, कळलंच नाही. आवाज फुटला तेव्हा जहाज खाडीच्या तोंडाशी पोचलं होतं. मी जीव तोडून हाका मारत राहिले, याबुरे, याबुरे.

आणि माझ्या पाठीमागून ओ आली.

तापानं फणफणलेला तो दाढीवाला झोळीतून उठून, झाडांना धरत, किनाऱ्यापर्यंत आला होता. मी हाक मारली म्हणून. त्यानं मला पाण्यातून बाहेर काढायला हात पुढे केला, आणि तेव्हा त्याला रिकामी खाडी दिसली. तो वाळूत बसला. त्याची माणसं त्यालाही टाकून गेली होती.

माझा काराबेमामा, आईचा भाऊ, सोटा घेऊनच आला. आई मध्ये उभी राहिली. "कुणाला मारतोस? हा माझा याबुरे आहे. याला इथं मारलंस तर तिकडं माझं पोर मरेल."

"अक्का, दाढी आहे त्याला."

"मग दाढीसकट माझा."

काराबेमामानं सोटा खाली केला, पण घरी नेऊन ठेवला नाही. आपल्या दाराशीच टेकवला.

त्या दिवसापासून आई पहिली भाकरी दाढीवाल्याला द्यायची. याचं पोट भरलं की तिकडं त्याचं भरेल. रोज सकाळी शेंदरी बियांचा, जखमेवर लावायचा लेप त्याच्या मनगटांना चोळायची. त्याच्या मनगटाला साधा ओरखडासुद्धा नव्हता. तो आधी हात मागे घ्यायचा, मग गप्प बसून चोळून घ्यायला लागला. जहाज काही परत आलं नाही. त्याचा ताप उतरला, त्याला आपली भाषा येऊ लागली, तू पालथा पडायला लागलास. अजून तुला नाव नव्हतं. शेवटी आई म्हणाली, मामा घरात असताना पोर बिननावाचं का? तिनं गेलेल्यांची नावं दाढीवाल्याकडून पाठ करून घेतली. घोरणारे आजोबासुद्धा त्यात होते. मग काल सगळ्या गोतासमोर तुला त्याच्या मांडीवर ठेवलं.

तू त्याची दाढी मुठीत धरलीस. तो तुझ्याकडे बघत राहिला, बघत राहिला, आणि हळूच म्हणाला, "याबुरे."

कुणी हललं नाही. तव्यावरची भाकरी जळायला लागली, तरी कुणी उलटली नाही. गेलेल्याचंच नाव देतात हे माहीत असून त्यानं ते दिलं, की माझ्या भावावर माया म्हणून दिलं, मला अजून कळलेलं नाही. मी पहिल्यांदाच त्याला त्याच्या जुन्या नावानं विचारलं, "लोपे, नेलेल्या माणसांचं तिकडं काय करतात?"

एव्हाना त्याला आपलं सगळं बोलणं कळायचं. त्यानं खाली बघितलं. तुझ्या टाळूवर हनुवटी टेकवली आणि त्याचे खांदे हलायला लागले.

आज सकाळी आईनं लेपाची वाटी उचलली नाही. कुडाकडे तोंड करून पडली आहे. दारात काराबेमामा आला, सोटा हातात. आता मध्ये कुणी नव्हतं. दाढीवाला उठला नाही, पळाला नाही. त्यानं सवयीनं दोन्ही मनगटं पुढे धरली होती, एवढंच.

मी वाटी घेतली आणि त्याच्यासमोर बसले.

"पोरी, सरक," काराबेमामा म्हणाला. "तो आता याबुरे नाही. नाव देऊन बसलाय."

"दिलं त्यानं. मी घेतलेलं नाही," मी म्हटलं. "माझं पोर अजून बिननावाचंच आहे."

मी चोळत राहिले. लेप त्याच्या कोपरापर्यंत ओघळला. काराबेमामा किती वेळ उभा होता, मी मान वर करून बघितलं नाही. मग अंगणातून त्याची पावलं लांब गेलेली ऐकू आली.

तवा तापला बघ. पहिली भाकरी त्या झोळीतल्याला द्यायची आहे. तुझं नाव तुझ्या मामाच्या तोंडात आहे, बाळा. तो येईल आणि सांगेल. तोवर तू माझं भाजलेलं रताळंच.