जपून ठेवलेला त्सुबा

"जाळ्याले बांधला? माझा त्सुबा?" तलावाच्या पाळीवर उभा राहून मी किंचाळलो.

"तुमीच म्हणलं नं गुरुजी, जपून ठेव," मंगरू म्हणाला. "जाळ्याइतकं जपून मी काईच ठेवत नाई. एक वजन तुटलं होतं, तिथं बांधला. भोकं पाडलेलीच होती."

"वजन नाही ते, गाढवा!"

खरं तर गाढव मीच. घरात रंगारी शिरले होते, त्यांच्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून आठ दिवसांसाठी हा त्सुबा मी या मासे धरणाऱ्या मंगरूकडे दिला. शहापुरात मला येडा मास्तर म्हणतात ते उगाच नाही. चित्रकला शिकवता शिकवता मी सामुरायांच्या तलवारींचे अकरा त्सुबे जमवले. त्सुबा म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधली लोखंडी चकती, हात पात्यावर घसरू नये म्हणून. या एका चकतीत दोन सारस कोरलेले. आपल्या धानाच्या बांधीत उतरतात तसेच सारस दूर जपानातल्या कुण्या लोहाराने अडीचशे वर्षांपूर्वी कोरावेत, याचंच मला वेड लागलं होतं. बारा वर्षं शोधला तेव्हा तो मिळाला.

आणि आता ते जाळं तळातल्या बुडालेल्या झाडात अडकलं होतं.

"जाळ्याची दोरी खेचू का?" मंगरूने विचारलं.

"खेचू नको! जाळं फाटन अन् तो गाळात जाईन. बुडी मार."

त्याने मारली. रिकाम्या हाताने वर आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते.

"खाली काई दिसून नाई राहिलं गुरुजी. उद्या पाहू?"

"अजून एकदा," मी म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण म्हणालो.

तो गेला. दोरी माझ्या हातात होती. बुडबुडे आले, मग तेही थांबले. दोरीला दोन हिसके बसले आणि ती तशीच ताठ राहिली. पाळीवर त्याच्या चपला होत्या. मला पोहता येत नाही.

मी दोरी मनगटाला गुंडाळली आणि जीव खाऊन खेचली. तळहात सोलले. खाली काहीतरी टरकन फाटलं आणि जाळ्याच्या चिंध्यांसकट मंगरू वर आला. पायाचा अंगठा अजून जाळ्यातच अडकलेला होता. खोकत, पाणी ओकत तो पाळीवर पडला.

"खेचलं काहून?" धाप लागली होती तरी तो माझ्यावरच चिडला. "हातात आला होता तुमचा चुबा. तुमी खेचलं अन् सुटला!"

मी त्याच्या अंगठ्याभोवतीचा दोरा सोडवत होतो. गाठ काही सुटेना.

"जाऊ दे रे," मी म्हणालो. "वजनच होतं. दुसरं बांधून देतो."