घुबडानं उचललेला दगड

घुबडाला दगड मारू नये, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घुबड तो दगड पाण्यात नेऊन ठेवतं. दगड झिजतो तसा मारणाराही झिजतो. पण देवव्रत पडला रेल्वेतला इंजिनियर. शहाण्याला कोण शिकवणार?

नदीपलीकडे रामनगरच्या बाजूला, वाळूवर, तो, बायको मुक्ता आणि आई लीलाताई घरून नेलेल्या दगडांची चूल मांडून बाटी-चोखा करून जेवायला गेले होते. दिवस मावळला. एक थोरलं घुबड झेपावलं आणि पाण्याकाठी उभ्या मुक्ताच्या पायाशी आलेला मासा त्यानं उचलून नेला. ती किंचाळली. देवव्रतनं चुलीचा दगड उचलून भिरकावला. मासा गिळून घुबड वाळूवरून चालत आलं, धोतर खोचलेल्या म्हाताऱ्यासारखं, उघड्या पायांनी. त्यानं दगड पंजात धरला आणि उथळ पाण्यात नेऊन ठेवला.

"नेला रे, नेला त्यानं!" लीलाताई ओरडल्या.

"छोडो ना आई! मासा समजलं असेल ते."

होळीपर्यंत त्याच्या पँटी कमरेवर राहीनात. दोन घासांत तो ताट बाजूला सारायचा. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. लीलाताई नुसत्या मुक्ताकडे बघायच्या. आपल्या किंचाळण्यापायी हे झालं, या विचारानं मुक्ताला जेवण गोड लागेना.

शेवटी एका संध्याकाळी तिनं बालाजी घाटावरून पलीकडे जायला नाव केली. मल्लाहाला नावेतच थांबवून ती एकटी त्याच उथळ पाण्यात उतरली, दगड चाचपू लागली. नुसत्या वाळूच्या त्या काठाला दुसरा दगड असणार कुठून? सापडला तो खारकेएवढा उरला होता. घरी नेऊन देव्हाऱ्यात कोरडा ठेवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

ती वळली, तर समोरच्या ओंडक्यावर दोन पिवळे डोळे. घुबड पंख पसरून सरळ अंगावर आलं. मुक्तानं घाबरून हातात होतं ते फेकून मारलं.

दगड घुबडाला लागला. ते वाळूवर उतरलं, दगड पंजात धरला आणि सावकाश पाण्यात शिरलं.

"बहूजी, अब चलिए, कुछ दिखाई नहीं दे रहा," मल्लाह हाका मारू लागला. हाती आलेला नवऱ्याचा जीव आपणच परत घालवला, म्हणून ती वाटभर रडली.

घरी देवव्रत ताटावर बसला होता. "मुक्ता, आमटी आणखी आहे का? आज खूप भूक लागलीय."

लीलाताईंनी पदरानं डोळे पुसले. मुक्ताला आनंदानं काही सुचेना. धावत जाऊन तिनं पातेलं आणलं आणि वाढायला वाकली, तशा तिच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून घसरून एकेक करत त्याच्या ताटात पडल्या.