मागच्या दारची कोरडी नळी

इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये घर तापवणारा रेडिएटर चांगला की वाईट, हे हाताला चटका बसतो की नाही यावर ठरतं. पुढची अक्कल कुणी चालवत नाही. ग्रॅहमने तीस वर्षं लोकांच्या घरी रेडिएटरचं पाणी तापवणारे गॅसचे बॉयलर बसवले, पण आईचा नवा बॉयलर त्याने जीव ओतून बसवला. म्हातारी डोरीन गॅस वाचवायला घरातही कोट घालून बसायची. तो कोट त्याला उतरवायचा होता.

त्याने पाणी पंचावन्न अंशांवर ठेवलं. "रेडिएटर कोमटच लागतील, आई, पण दिवसभर चालू ठेव. पाणी गार होऊन परत आलं की धुरातली वाफ आतच निवते आणि तिची ऊब घराला मिळते. एरवी ती बाहेर वाया जाते. त्या वाफेचं पाणी मागच्या दारच्या पांढऱ्या नळीतून ठिबकतंय, तोवर गॅस सत्कारणी लागतोय समज."

"गळणारी वस्तू चांगली? नवीनच ऐकते," डोरीन म्हणाली. पण कोट उतरला. डिसेंबरपर्यंत ती घरात नुसत्या स्वेटरवर हिंडली. ग्रॅहम दर रविवारी यायचा आणि आधी नळी बघायचा.

नाताळात थोरला भाऊ कीथ स्पेनहून आला, वर्षातून एकदा येतो तसा, आणि चार दिवसांनी गेला.

पुढच्या रविवारी बॉयलर घुमत होता, बाहेर वाफेचे लोट निघत होते, पण नळी कोरडी ठणठणीत. आत डोरीन कोट घालून रेडिएटरला टेकली होती.

"हात लाव, हात लाव! कीथने बटण ऐंशीवर नेलं. आणि ते गळणंही थांबवलं. तुला दोन महिन्यांत जमलं नाही."

"मग कोट कशाला?"

"गॅस किती खातो मेला! सकाळी एकच तास लावते."

ग्रॅहमने बटणाकडे हात नेला.

"खबरदार! त्याने एवढं नीट करून दिलंय, तू परत बिघडवू नकोस." तिने फोन लावून त्याच्या हातात दिला. "आभार मान भावाचे."

पलीकडे कीथ हसत होता. ग्रॅहमच्या तोंडात शिवी आली होती. आई बघत होती.

"थँक्यू, कीथ," तो म्हणाला.

तेवढ्यात तास संपला. डोरीनने बॉयलर बंद केला आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली.