बोहनीचं गिऱ्हाईक

सरकारी भावपत्रक माझ्या दुकानात तराजूच्या वर टांगलेलं असतं. टांगलं नाही तर दंड होतो, आणि टांगलं तर ते वाचून गिऱ्हाईक हसतं. त्या वसंतात त्यावर लिहिलं होतं, सूर्यफुलाचं तेल, एक लिटर, साडेआठ हजार लिरा. तेच तेल आम्हाला ठोक व्यापाऱ्याकडून साडेदहाला पडत होतं. पावती मागितली तर तो मेला साडेसातची फाडून द्यायचा, कारण स्वतःची मान त्यालाही प्रिय. म्हणजे महाग विकलं तर तुरुंग, पत्रकातल्या भावानं विकलं तर घरची भांडी मोडून दुकान चालवायचं, आणि विकलंच नाही तर साठेबाज म्हणून पुन्हा तुरुंग. इकडे आड, तिकडे विहीर असं म्हणतात. आमच्यासाठी मधल्या वाटेवरही खड्डा खणून ठेवला होता.

दमास्कसच्या मिदान भागातली आमची गल्ली. तिथं भिंतीला भिंत लावून दोन वाण्याची दुकानं, एक माझं आणि एक अबू नझीरचं. एकतीस वर्षं आम्ही एकाच मालाची दुकानं शेजारी शेजारी चालवली आणि एकदाही भांडलो नाही. याचं श्रेय माझं नाही. गल्लीत म्हणायचे, अबू नझीरच्या जिभेवर मध आहे आणि अबू रातेबच्या जिभेवर मिरची. ती मिरची म्हणजे मी.

त्याचं वय चौसष्ट. साखरेचा आजार, दिवसातून दोनदा पोटात सुई टोचून घ्यावी लागते. मुलगा नझीर परागंदा. घरात तो आणि बायको, उम्म नझीर; आमच्याकडे आईबापांना थोरल्या मुलाच्या नावानंच हाक मारतात. मी तर विधुर, माझा रातेबही समुद्रापलीकडे गेला तो गेलाच.

भावाचा नवा कायदा आला तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या एका दुकानदाराला तेलापायी वर्षभराची शिक्षा झाली. त्या दिवशी अबू नझीर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मला आत टाकलं ना, तर वर्ष काढायचं लांबच, मी दोन महिने टिकत नाही. तिथं सुई कोण देणार?"

मग आमचं ठरलं. तेलाचा एक खोका दोघांत घ्यायचा, सहा बाटल्या त्याला, सहा मला. त्यानं त्याच्या बाटल्या हरभऱ्याच्या पोत्यामागे ठेवल्या, मी माझ्या साबणाच्या खोक्यांमागे. ओळखीच्या माणसालाच द्यायचं. अनोळखी माणसाला सांगायचं, नाही. रमजान बारा दिवसांवर आला होता, बायका तेलासाठी जीव टाकत होत्या, तरी आम्ही दोघं शब्दाला जागलो.

तो बुधवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. गल्लीतल्या निवृत्त मास्तरीणबाई, मिस वदाद, मूठभर वेलची घेऊन गेल्या आणि माझी बोहनी झाली. शेजारी अबू नझीर दारात खुर्ची टाकून जपमाळ ओढत बसला होता. त्याच्याकडे अजून कुणी फिरकलं नव्हतं.

तेवढ्यात तपकिरी जाकिटातला एक माणूस माझ्या दुकानात शिरला. दाढी घोटलेली, हातात पिशवी नाही.

"तेल कितीला?" त्यानं विचारलं.

त्या वर्षी आमच्याकडे तेल असं कुणी मागत नव्हतं. लोक आत यायचे, इकडे तिकडे बघायचे, गल्ल्यावर वाकून हळूच विचारायचे, आहे का? आधी असेल का याची चिंता, भाव मागाहून, आणि तो काहीही असला तरी पदरात पडलं ते पवित्र. आल्या आल्या भाव विचारणाऱ्या माणसाला तेल नको असतं. त्याला भावच हवा असतो.

मी ओळखलं, हा भाव तपासणारा सरकारी माणूस. हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मीच ते लपवीन.

नाही म्हणावं तर तो खोकी हलवून बघणार. आहे म्हणावं तर साडेआठचा भाव सांगून एक बाटली द्यायची आणि दोन हजारांचा फटका खाऊन गप्प बसायचं. एवढंच करायचं होतं. पण मग तो विचारणार, पावती कुठाय, बाकीचा माल कुठाय. माझी जीभ भलतंच बोलून गेली.

"भाऊ, माझी बोहनी झालीय. शेजाऱ्याची व्हायचीय अजून. तुम्ही त्याच्याकडे घ्या."

आमच्या बाजाराची ही जुनी रीत आहे. आपल्या गल्ल्यात सकाळचं पहिलं नाणं पडलं, की पुढचं गिऱ्हाईक ज्याची बोहनी व्हायचीय त्या शेजाऱ्याकडे पाठवायचं. माझे वडील पाठवायचे, अबू नझीरचे वडील पाठवायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो माणूसही मान हलवून बाहेर पडला.

मी मनाची समजूत घातली. अबू नझीर अनोळखी माणसाला तेल देत नाही, त्यानं शब्द दिलाय. तो नाही म्हणेल, हा जाईल, झालं.

भिंत पातळ होती आणि दोन्ही दारं उघडी. सगळं ऐकू येत होतं.

"या, या! अल्लानं पाठवलं तुम्हाला," अबू नझीर खुर्चीवरून उठला. "काय देऊ?"

"तेल. शेजारच्यांनी पाठवलं, म्हणाले तुमची बोहनी व्हायचीय."

"अबू रातेबनं पाठवलं? मग प्रश्नच नाही!" आणि तो हसला. "खरं सांगू का, तेल मी कुणाला देत नाही हल्ली. पण बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवलं तर आख्खा दिवस सुना जातो. थांबा हं."

हरभऱ्याचं पोतं ओढल्याचा आवाज आला.

माझ्या हातात मसुरीचं माप होतं. मी नुसती हाक मारली असती, नुसतं जोरात खोकलो असतो, तरी तो थांबला असता. एकतीस वर्षांत माझ्या खोकल्याचाही अर्थ त्याला कळत होता. मी माप हातात धरून उभा राहिलो, आणि मनात एकच विचार होता, तो माझ्या दुकानातून गेला, गेला एकदाचा.

"कितीला?"

"अकरा. मलाच साडेदहाला पडलंय, अल्लाची शपथ. तुमच्याकडून काय कमवायचं!"

मग तपकिरी जाकीटवाला दारात आला आणि त्यानं हात वर केला. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीतून दोघं उतरले.

पुढचा अर्धा तास गल्ली श्वास रोखून होती. समोरच्या न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडली होती. अबू नझीरच्याच गल्ल्यावर कागद पसरून ते लिहीत होते. एकानं त्याच्याच कॉफीच्या शेगडीवर लाल लाख वितळायला ठेवली, दाराला सील ठोकायला. वरच्या मजल्यावरून उम्म नझीर धावत आली, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"साहेब, आजारी आहे हो तो! सुईशिवाय जगत नाही!"

"बाई, तेल विकताना आजार कुठं गेला होता?"

तिला जवळ उभं राहू देईनात. मग ती वळली आणि सरळ माझ्या दाराशी आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"अबू रातेब, तुम्ही पाठवलंत त्याला?"

"बोहनीसाठी पाठवलं, उम्म नझीर."

"तुमच्याकडे तेल होतं. खोका दोघांनी मिळून घेतला होता."

न्हावी ऐकत होता. मिस वदाद खिडकीत उभ्या होत्या. मी काही बोलणार, तेवढ्यात शेजारून अबू नझीर ओरडला, "अगं, त्याच्यावर काय चिडतेस? रीत आहे ती! मी पाठवलं नसतं का? त्या बिचाऱ्याला काय ठाऊक कोण आहे तो!"

बिचारा. मला म्हणाला तो बिचारा.

त्या तिघांतल्या मोठ्या साहेबानं मला बोलावून घेतलं. "हाजी, गल्लीतल्या एका माणसाची साक्ष लागते. भाव सांगितलेला तुम्ही ऐकलात. इथं सही करा."

"मी ऐकलं नाही."

साहेब हसला. दमलेला माणूस होता, डोळ्यांखाली काळं. "भिंत कागदासारखी आहे, हाजी. हे बघा, तुमच्या साबणाची खोकी मला इथून दिसतायत. चारच्या जागी सात थर लावलेत. मी अजून तिकडे गेलेलो नाही. सही करा, मी जाणारही नाही. तुम्ही नाही केलीत तर न्हावी करेल."

मी अबू नझीरकडे पाहिलं. कपाळावर घाम डवरलेला, ओठ पांढरे पडलेले, आणि तरी तो मला डोळ्यांनी समजावत होता.

"कर सही," तो म्हणाला. "वेड्या, दोघांनी कशाला बुडायचं? तू बाहेर असलास तर हिला भाकरी मिळेल, मला औषध पोचेल. कर म्हणतो ना!"

तो बरोबर बोलत होता. शहाण्या माणसानं त्याच क्षणी सही केली असती आणि वर्षभर दर आठवड्याला डबा आणि औषध घेऊन तुरुंगाच्या दाराशी उभा राहिला असता. पण त्याच्या चांगुलपणाचा मला राग आला. इतका राग मला त्या साहेबाचाही आला नव्हता. त्यानं मला शिवी दिली असती, अंगावर थुंकला असता, तर मी खुशाल सही करून मोकळा झालो असतो.

मी पेन गल्ल्यावर आपटलं, माझ्या दुकानात गेलो, साबणाची खोकी लाथेनं पाडली आणि उरलेल्या पाच बाटल्या हातात आणि काखेत मावतील तशा धरून बाहेर आलो.

"ह्या घ्या! त्याच खोक्यातल्या आहेत. सहावी मी परवा साडेअकराला विकली. त्यानं अकरा सांगितले, म्हणजे तो माझ्याहून स्वस्त. लिहा माझंही नाव!"

"अरे गाढवा!" अबू नझीर किंचाळला.

साहेबानं दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि दुसरा कागद काढला. लाख पुन्हा शेगडीवर ठेवावी लागली. उम्म नझीर पायरीवर बसली. तिनं माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत उपकाराचा लवलेश नव्हता. तिचं बरोबर होतं. आता तिच्यासाठी बाहेर कुणीच राहिलं नव्हतं.

गाडीत मागच्या बाजूला दोन लोखंडी बाकं होती. आम्हाला एकाच बाकावर बसवलं. रस्ता खड्ड्यांचा. पहिल्याच हिसक्याला अबू नझीर पुढे कोलमडला आणि त्यानं माझा दंड धरला. मग तो तसाच धरून राहिला.

"काय मिळवलंस तू?" तो म्हणाला. "आं? माझं औषध आता कोण आणणार? तुझा मेलेला बाप?"

"मला सही करवत नव्हती."

"करवत नव्हती! मोठा आला!" तो शिव्या घालत होता, आणि हळूहळू त्याचा आवाज फुटायला लागला. "पण अल्लाची शपथ, अबू रातेब, असा शेजारी कुणाला मिळत नाही. मी म्हणायचो हिला. तोंडानं मिरची आहे, पण... लोक आता काहीबाही बोलतील. मुद्दाम पाठवलं म्हणतील. मी कोर्टात उभा राहून सांगीन, त्याला काय ठाऊक होतं? तूही तेच सांग. एकच शब्द दोघांचा. मला ठाऊक नव्हतं, म्हणायचं. तू आधी सुटशील, माझं औषध तरी—"

"अबू नझीर."

"ऐक तर. तू स्वतःहून कबूल केलायस, तुला कमी—"

"मला ठाऊक होतं."

गाडी चौकात थांबली होती. बाहेर कुणीतरी मुळे आणि कोथिंबीर ओरडून विकत होतं.

"काय ठाऊक होतं?"

"तो कोण होता ते. त्यानं आधी भाव विचारला. मी ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच तुझ्याकडे पाठवला."

मला वाटलं तो ओरडेल. मी त्याची वाटच बघत होतो. मग गाडी पुन्हा सुरू झाली, हिसका बसला, आणि त्यानं माझा दंड सोडला. दुसऱ्या हिसक्याला तो घसरला, गुडघा समोरच्या बाकावर आपटला. मी हात पुढे केला. त्यानं बाकाची लोखंडी कड दोन्ही हातांनी पकडली आणि पोचेपर्यंत तिलाच धरून बसला.