दोघांत एक रिमोट

दादा आजारातून उठला, पण दुकानात जाईना. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, हात परत येईल, पण त्याच्या कलाने येईल. तोवर कोट शिवणाऱ्या माणसाने करायचं काय? बँडमधले ट्रम्पेटवाले काका आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या कोटाचं कापड दुकानातल्या टेबलावर तसंच पडून होतं, न बेतलेलं. काकांनी दुसरीकडे जायला साफ नकार दिला. "मी थांबतो," म्हणाले. काका भला माणूस, पण सगळी गिऱ्हाइकं कुठली काकांसारखी असायला! आणखी थोडे दिवस असेच गेले असते, तर दुकानाला कायमचं कुलूप लागलं असतं.

वहिनीने मला गळ घातली. "ताई, खुणा ह्यांनी डाव्या हाताने करायच्या, कापायचं तुम्ही. सांगून तर बघा. माझं ऐकत नाहीत."

मी हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी आणि गाऊन शिवते. कात्री मला नवी नाही. पण दादाच्या लेखी मी म्हणजे नुसती सरळ शिलाई मारणारी बाई. विषय काढताच तो फणकारला, "बुटके, माझ्या कात्रीला दुसऱ्याचा हात लागला तर ती नदीत फेकून देईन."

माझ्याही डोक्यात तिडीक गेली. "फेक की! तेवढं एका हाताने जमेल तुला."

वहिनीने कपाळाला हात लावला. आठवडाभर आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

रविवारी दुपारी दादाकडे गेले, तर वहिनीने अडगळीच्या खोलीतून आमचा लहानपणीचा गेम काढून टीव्हीला जोडला होता. तोच तो मारामारीचा. दोन माणसं एकमेकांना बुकलून काढायची, पडद्यावर रक्ताच्या चिळकांड्या उडायच्या. हरलेला झोकांड्या खात उभा राहिला, की बटणं बरोबर क्रमाने दाबायची. मग जिंकणारा त्याचं मुंडकं धडावेगळं करायचा. आई हे बघून खोलीबाहेर जायची आणि आम्ही आनंदाने किंचाळायचो. सुसंस्कृत मुलं होतो अगदी!

आमचा एक रिमोट पहिल्याच वर्षी मोडला. उरलेल्यावरून भांडणं नकोत म्हणून आम्ही तो मधोमध वाटून घेतला. डावीकडची चालवायची बटणं माझी, उजवीकडची मारायची दादाची. आमच्या टकल्या पैलवानाचे पाय मी, हात तो. असा गेम दुसरं कोणी खेळत असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशीही आम्ही सवयीने तसेच बसलो. मी टकल्याला पुढे नेलं. दादाचा अंगठा बटणावर होता, पण हलेना. टकल्या समोरच्या सुळेवाल्याचा मुकाट मार खात राहिला आणि आडवा झाला. पुन्हा उठला, पुन्हा आडवा झाला. दादा पडद्याकडे बघत होता. त्याचा चेहरा मला बघवेना. वहिनीचा रागच आला मला. कशाला काढलं हे भूत बाहेर?

तेवढ्यात दादाने मला कोपराने ढोसलं. "सरक तिकडे."

तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. डाव्या हाताने चालवायची बटणं त्याने घेतली, मारायची माझ्याकडे आली.

पहिले काही डाव नुसता गोंधळ. "मारतेस की कुरवाळतेस त्याला?" तो ओरडला.

"तू आधी जवळ तर ने!"

"नेलाय की! डोळे कुठे आहेत तुझे?"

भांडता भांडता सूर जुळला. तो टकल्याला असा नेमका नेऊन उभा करायचा, की मला फक्त हात उचलायचं काम उरायचं. मी कधी मारणार हे त्याला आधीच कळत होतं. शेवटी सुळेवाला रक्तबंबाळ होऊन झोकांड्या खाऊ लागला.

"आता मुंडकं," दादा पुटपुटला. त्याचा अंगठा झरझर फिरला, मागे, पुढे, खाली. आणि मी घाई केली. त्याचं खाली दाबून व्हायच्या आत बटण दाबलं. टकल्याने एक साधा गुद्दा मारला, सुळेवाला धपकन पडला. मुंडकं शाबूत.

मी जीभ चावली. आता हा माझा पाणउतारा करणार, चादरीपासून सुरुवात करणार, याची वाट बघत बसले. पण दादा हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच, पोट धरून हसला.

"असू दे. त्याचं मुंडकं त्याला लखलाभ," तो म्हणाला. मग रिमोट माझ्या मांडीवर ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कापडाच्या वेळी मात्र असली घाई चालणार नाही. माझी रेघ पुरी झाल्याशिवाय कात्री उचलायची नाही."

मला क्षणभर काही कळेचना. कळलं तेव्हा मी मान हलवली.

"ऐकलंस का?" तो खेकसला.

"ऐकलं," मी म्हणाले.