फुकटचं ऊन

निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, नाहीतर बागेच्या. प्राध्यापक सूर्याच्या नादी लागले. गच्चीवर त्यांनी आरशांची भलीमोठी तबकडी बसवली. मधल्या कड्यात भांडं ठेवायचं, तबकडी सूर्यासमोर धरायची, की सगळं ऊन भांड्याच्या बुडाशी गोळा होतं आणि बटाटे फुकटात शिजतात. आता सूर्य काही एका जागी बसत नाही. त्याच्यामागे तबकडी फिरवायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे बायको.

तबकडीसोबत काळा चष्मा आला होता एकच. तो प्राध्यापकांकडे असे, कारण पाहुण्यांना समजावून सांगण्याचं अवघड काम त्यांच्याकडे होतं. बायको डोळे किलकिले करून आरशात डोकावायची आणि उजेडाचा गोळा भांड्याखाली आणायची.

"अहो, डोळ्यांपुढचा डाग जातच नाहीये."

"नवीन काही आणलं की तुझं काहीतरी निघतंच. गॅसची आच बरी सहन व्हायची!"

उन्हाळा सरता सरता तिला सुईत दोरा ओवता येईना. मग भातात खडे यायला लागले. प्राध्यापकांनी दुकानदाराला शिव्या घातल्या. माहेरी आलेल्या मुलीनं आईला कपाशेजारी चहा ओतताना पाहिलं आणि दोघांनाही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग भाजलाय. काळा चष्मा वापरत नव्हता?"

"वापरतो की! रोज!" प्राध्यापक म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बरं होईल ना?" मुलीनं विचारलं.

"आहे तेवढं टिकलं तरी मिळवली."

घरी आल्यावर मुलगी बापाकडे पाठ करून स्वयंपाकाला लागली. बायको खुर्चीत बसून राहिली. प्राध्यापक समोर बसले.

"अगं, माझ्याकडे बघ तरी."

"तुमच्याकडेच बघतेय. कान दिसताहेत. मधलं कुठं गेलं, कुणास ठाऊक."

प्राध्यापकांनी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांना समजावून सांगण्यासारखं काही सापडेना. ते तसेच बसून राहिले, हनुवटी थरथरत. तिला यातलं काहीच दिसत नव्हतं. आता हे नेहमीसारखे समजवायला लागणार, असं वाटून ती उठली आणि भिंत चाचपत आत गेली.