बावीवर आलेला आळ

मी एक जुना गिझर आहे. दिघीच्या खाडीपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी महिपत आणि सखू या म्हाताऱ्या जोडप्याचं घर आहे. त्या घरातल्या न्हाणीच्या भिंतीवर मी बारा-तेरा वर्षं लटकत होतो. पाठीमागे दोन हुक, खाली दोन पाइप, समोर फरशा. मान वळवायची सोय नव्हती, कारण मानच नाही. एक झरोका होता, त्यातून मागच्या पडवीचा तुकडा दिसायचा, तेवढंच माझं जग. बोलायचं म्हणाल तर मला शब्द एकच येतो: कट्ट. पाणी तापलं की कट्ट, गार झालं की कट्ट. मित्रांनो, एवढ्याशा शब्दात कुणाला काय सांगणार? म्हणून सांगायचं होतं ते सगळं पोटातच राहिलं.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा गोल वळवून माझं पोट केलं, आतून त्याला काचेसारखा मुलामा दिला आणि झाकण लावायच्या आधी त्यात एक दांडा सोडला. हा माझा सोबती. त्याचं काम एकच, झिजणं. पाण्यातला खार लोखंड खायला येतो, तेव्हा तो आधी या दांड्याला खातो. दांडा आहे तोवर मला धक्का लागत नाही. मात्र तो संपत आला की काढून नवा बसवावा लागतो. हे सगळ्या जगाला ठाऊक असणार असं मी तेव्हा धरून चाललो होतो. भाबडा होतो, दुसरं काय!

मुरूडच्या एका दुकानातून मला महिपतच्या मुलाने घेतलं. त्याचं नाव रत्नपाल, तो शाळेत मास्तर आहे. आगरदांड्याहून दिघीला येताना फेरीबोटीत त्याने मला मांडीवर धरलं होतं. खोक्याला एक भोक पडलं होतं, त्यातून मला खाडी दिसली, ऊन दिसलं, एक बगळा दिसला. मग घर आलं, भिंतीला ड्रिल लागलं आणि माझं फिरणं तिथेच संपलं.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. सखूचे गुडघे धरलेले असायचे. पहिल्या दिवशी कढत पाणी घेतल्यावर ती न्हाणीतूनच ओरडली, "रत्ना, ह्यो गिजर न्हाय रं, माझा दुसरा लेक हाय!" मी फुगलो. गिझरने फुगणं चांगलं नसतं, पण फुगलो खरा.

महिपत मात्र मला 'डबा' म्हणायचा. "माझ्या बावीचं पानी डब्यात कोंडायचं कशाला?" असं म्हणून तो बाहेर जाऊन गार पाणीच अंगावर घ्यायचा. इथे विहिरीला बाव म्हणतात. त्याच्या लहानपणी गावच्या विहिरीला हात लावायची त्याच्या आईला मुभा नव्हती. ती हंडा घेऊन लांब उभी राहायची, कुणी वरून ओतलं तर घरात पाणी. म्हणून लग्न झाल्यावर महिपतने आपल्या जागेत पहारीने बाव खणली आणि सखूने डोक्यावरून माती वाहिली. पाणी लागलं त्या दिवशी तो आत उतरून ओंजळीने प्यायला आणि कितीतरी वेळ वर यायलाच तयार नव्हता. सखू हे इतक्यांदा सांगायची की मला पाठ झालं. पण बाव मी कधी पाहिली नव्हती. रोज तिचं पाणी टाकीतून माझ्या पोटात यायचं, आणि ती स्वतः झरोक्याच्या कोपऱ्याआड राहायची.

मे महिन्यात खाडीचा खार आत सरकतो आणि बावीचं पाणी जरा मचूळ होतं. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या सोबत्याला मात्र दर उन्हाळा जड जायचा. तो बारीक होत गेला, आणि एका वर्षी संपला. मी कट्ट कट्ट करून पाहिलं. कुणी मला उघडलं नाही. लाल दिवा लागतोय, पाणी तापतंय, मग उघडायचं कशाला? सोबती गेल्यावर खार माझ्याकडे वळला. मुलाम्याला तडे गेले, पत्र्याला गंज चढला. बंद पोटात आपलंच अंग सुटून पाण्यात मिसळताना कसं वाटतं, ते तुम्हाला कळू नये.

या उन्हाळ्यात गरम पाणी तांबडं येऊ लागलं. रत्नपालच्या बायकोने, रश्मीने, ते पहिल्यांदा पाहिलं. नेमका तेव्हाच मागचा डोंगर रस्त्यासाठी कापत होते. सगळा तांबडा जांभा, घरादारावर तांबडी धूळ. रत्नपाल म्हणाला, "डोंगराची माती बावीत उतरलीय." आणि आळ गेला बावीवर.

महिपतने लगेच कळशीभर पाणी शेंदून आणलं. "ह्ये बघ. निवळशंख हाय."

"गार आहे तोवर, बाबा. तापवलं की बघा."

महिपत यावर भांडेल असं मला वाटलं होतं. पण त्याने कळशी खाली ठेवली. तरुणपणी तो खैराच्या लाकडापासून विड्याचा कात काढायच्या भट्टीवर कामाला होता. खैराची ढलपी गार पाण्यात टाकली तर पाण्याला फारसा रंग येत नाही, पण खाली जाळ लागला की तेच पाणी तांबडंलाल होतं. हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. "खैराचं बी तसंच असतंय," तो हळूच म्हणाला. "आग लागल्याबिगर रंग सुटत न्हाय." मुलाला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

त्यातच सखूच्या अंगाला खाज सुटली. रत्नपाल कासावीस झाला. "आईच्या अंगावर रोज ही माती घालायची काय? पावसाच्या आत बाव बुजवून टाकू." डोंगरावर जेसीबी चालवणारा कमलेश माती आणून टाकायला तयार झाला. महिपतने होकाराची मान डोलावली. त्या रात्री त्याच्या ताटातली भाकरी तशीच राहिली, असं सखू सकाळी अंघोळ करताना स्वतःशीच पुटपुटत होती. मी तिच्या डोक्यावर लटकत होतो. चोर मी, आणि फाशी बावीला! कट्ट, मी म्हणालो. "तापलं वाटतं," असं म्हणून तिने नळ सोडला.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळीच जेसीबी अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या इंजिनाने माझी भिंत थरथरत होती. तेवढ्यात पडवीत भांडण पेटलं. विहारात जायला घरातले सगळे पांढरे कपडे घालतात. रश्मीने ते धुवायला माझं कढत पाणी घेतलं होतं, आणि बादलीतून निघालं ते चहात बुडवल्यासारखं लुगडं.

"अगो, काय केलंस ह्ये? ठेवणीतलं लुगडं माझं!"

"मी काय केलं, आई? तुमच्या बावीचीच करणी आहे. थांबा, दाखवते तुम्हाला."

तिने पडवीतली जुनी चूल पेटवली, टाकीच्या गार नळाचं पाणी टोपात घेतलं आणि वर चढवलं. बावीचा रंग सगळ्यांसमोर उतरवायचा, असाच तिचा हट्ट होता. झरोक्यातून मला टोपाची कड आणि महिपतचे पाय दिसत होते. पाणी उकळू लागलं. रंग नाही.

"काका, सुरू करू काय?" कमलेशने अंगणातून विचारलं.

"थांब," महिपत म्हणाला. "खैराला बी येळ लागतो." इतका न्यायी माणूस! स्वतःच्या बावीलाही त्याला फुकटची सूट द्यायची नव्हती.

जाळ वाढवला. पाणी आटत निम्म्यावर आलं. इंजिन धडधडत होतं. मग रश्मीने फडक्याने टोप धरून खाली उतरवला आणि स्वतःची पांढरी ओढणी त्यात बुडवली. पिळली. झटकली. ओढणी पांढरीच होती.

"उकळूनही नाही आला रंग," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "मग लुगड्याला कुठून आला?"

सगळे पाय न्हाणीकडे वळले. रत्नपालने एका तांब्यात गार नळ सोडला आणि दुसऱ्यात माझा. एक स्वच्छ, एक तांबडा. त्याने वर पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे पाहिलं, मित्रांनो, ते असं.

"कमलेश, बंद कर ती मशीन," तो ओरडला, आणि मग बापाकडे न बघता म्हणाला, "बाबा, चुकलं माझं."

"माझं बी," महिपत म्हणाला.

दुपारी मिस्त्री आला. दांड्याच्या जागी नुसती तार उरली होती आणि पत्रा बोटाने सुटत होता. "वेळेवर रॉड बदलला असता तर अजून चालला असता. आता गेला," एवढं म्हणून त्याने मला हुकांवरून उतरवलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं.

मित्रांनो, तुमच्याही भिंतीवर माझा एखादा भाऊ लटकत असेल. वर्ष-दोन वर्षांतून एकदा त्याला उघडून त्याचा दांडा बघत जा. पाणी रंग बदलायला लागलं तर गार आणि गरम असे दोन्ही नळ शेजारी शेजारी भरून पाहा. तेवढं केल्याशिवाय कुणाची बाव बुजवू नका.

उद्या भंगारवाला येणार आहे. तोवर महिपतने मला उचलून बाहेर आणलंय. मघाशी त्याने पोहरा सोडला आणि गार पाण्याने माझं पोट विसळलं. तांबडा गाळ केळीच्या बुंध्याशी वाहून गेला. "तू व्हतास व्हय रं डब्या," तो म्हणाला, पण रागाने नाही. मग त्याने मला कठड्यावर आडवं ठेवलं, तोंड आतल्या बाजूला. जिचं पाणी मी आयुष्यभर पोटात कोंडलं, ती बाव मला पहिल्यांदा दिसली. खूप खोल होती, आणि तळाचा दगड न् दगड दिसत होता.